लढाऊ जहाजाचं म्युझियम जगवायचं म्हणजे काय काय करावं लागतं, जरा सोप्यात बघू

सांगलीला ना समुद्र ना बंदर, मग तुम्ही लोक युद्धनौकांच्या मागे कशाला लागलाय, हे आमच्या ग्रुपला कायम विचारलं जातं. ग्रुप म्हणजे फार काही नाही, नौदलातून रिटायर झालेले काहीजण, एक कॉलेजचे सर, किर्लोस्करवाडीकडचे पंपातले एक जाणकार मिस्त्री आणि मी, माझं कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड आहे. आम्ही जुन्या युद्धनौका म्युझियम म्हणून टिकाव्यात, लोकांनी त्या बघाव्यात, त्यावर काम केलेल्यांच्या आठवणी जपल्या जाव्यात म्हणून जमेल तेवढं करतो.

आणि समुद्र नाही हे खरं असलं तरी नौदल आपल्याला परकं नाही. २०१९ च्या पुरात नौदलाच्या टीम रबरी बोटी घेऊन सांगली-कोल्हापुरात उतरल्या होत्या, लोकांना घराच्या गच्चीवरून काढत होत्या, ते इथल्या माणसांनी डोळ्यांनी बघितलंय. साताऱ्याचं तर बोलायलाच नको, अपशिंगे मिलिटरी या एका गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले, देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ ला साताऱ्यात सुरू झाली. अजून मागं गेलं तर १७१३-१४ च्या सुमारास कान्होजी आंग्रे छत्रपती शाहूंच्या बाजूला आले, म्हणजे मराठ्यांचं आरमार कोकणात असलं तरी त्याचा सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, साताऱ्याच्या गादीला मानणारा होता. घाटावरच्या लोकांचा समुद्राशी काही संबंध नाही हे आपणच आपल्याला सांगत आलोय.

असो, मुद्द्यावर येतो. जहाज निवृत्त झालं, किनाऱ्याला लावलं, तिकीट ठेवलं की झालं म्युझियम, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं असतं तर आज आपल्याकडे जुनी विक्रांत असती.

विक्रांतची गोष्ट थोडक्यात सांगतो कारण बाकी सगळं समजायला ती लागते. ब्रिटनमध्ये १९४३ साली हर्क्युलिस या नावानं हे विमानवाहू जहाज बांधायला घेतलं, महायुद्ध संपलं आणि काम अर्धवट पडून राहिलं, १९५७ ला भारतानं ते विकत घेतलं, बेलफास्टला पूर्ण करून घेतलं आणि ४ मार्च १९६१ ला ती नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलीझे विमानांनी चितगाव, कॉक्स बझार या भागात हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. पुढं मुंबईत काही वर्षं ती म्युझियम म्हणून लोकांना बघायला मिळायची, २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणानं ते बंद केलं, आणि २०१४ च्या लिलावात साधारण ६० कोटींना ती भंगारात गेली. कोर्टात याचिका झाल्या, हायकोर्टात झाल्या, सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, पण जहाज वाचलं नाही, नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईतच, जहाजं तोडतात त्या दारूखान्याला तोडायला सुरुवात झाली.

विराटचं तर अजून जिव्हारी लागतं, कारण तिच्याबाबतीत आपण आधीचं बघून शहाणं व्हायला पाहिजे होतं. ब्रिटिश नौदलात १९५९ पासून हर्मिस म्हणून, १९८२ च्या फॉकलंड युद्धात त्यांचं मुख्य जहाज, मग १९८७ पासून आपल्याकडे विराट म्हणून, मार्च २०१७ मध्ये निवृत्त. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गात निवतीजवळ ती म्युझियम म्हणून ठेवायच्या ८५२ कोटींच्या योजनेला मंजुरीसुद्धा दिली होती. पण २०२० ला ती ३८ कोटी ५४ लाखांना भंगारात विकली गेली आणि गुजरातेत जहाजं तोडतात त्या अलंगला नेऊन किनाऱ्यावर चढवली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तोडकाम थांबवलं, पण एप्रिलमध्ये ती याचिका फेटाळली गेली, तोवर जहाज ४० टक्के तुटलेलं होतं. आता चाळीस टक्के तुटलेलं जहाज परत जोडून कोण देणार.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, ८५२ कोटी आणि साडेअडतीस कोटी. जहाज घ्यायला पैसे कमी लागतात, जहाज ठेवायला लागतात. भंगारवाल्याचं काम एकदाच असतं, म्युझियमवाल्याचं रोज. हा खर्च नक्की कुठं जातो हे कळलं की आपल्यासारख्या लांबच्या माणसांनी काय करायचं तेही आपोआप कळतं, म्हणून आधी गंजाबद्दल बोलू, माझा रोजचा विषय आहे त्यामुळं जरा लांबेल.

लोखंड हवा आणि पाणी मिळालं की गंजतं हे शाळेत शिकलोय. पण समुद्रात नेमकं होतं काय, तर मीठामुळं पाण्यातून वीज चांगली वाहते. एकाच पोलादी पत्र्यावर काही जागा झिजणाऱ्या आणि काही जागा शाबूत राहणाऱ्या अशा जोड्या पडतात, त्यांच्यामधून बारीकसा करंट वाहत राहतो आणि झिजणाऱ्या जागेतलं लोखंड हळूहळू पाण्यात जातं. त्यात जहाजाचा पंखा असतो कांस्यासारख्या धातूचा आणि बॉडी पोलादाची, दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडलेले असले की त्यातला एक दुसऱ्याच्या वाट्याचं झिजतो, इथं झिजतं ते पोलाद. म्हणून पाण्याखालच्या भागाला जस्ताचे ठोकळे लावतात, म्हणजे झिजायचं काम जस्तानं करायचं आणि पोलाद वाचवायचं. मोठ्या पाइपलाइनवर काम केलेल्यांना ही पद्धत माहिती असेल. पण ते ठोकळे संपतात की! चालू जहाजाचे ठोकळे वेळच्या वेळी बदलतात. म्युझियमच्या जहाजाला ते कोण मोजणार, पाणबुड्याला पैसे देऊन खाली कोण पाठवणार, आणि ठोकळे संपल्याचं वरून कोणालाच दिसत नाही, वरून जहाज रंगवलेलं छान चकचकीत.

सगळ्यात वाईट जागा कुठली असं विचारलं तर बरेच जण तळ म्हणतात. तळ नाही, पाण्याची रेघ. जिथं लाट लागते आणि वाळते, परत लागते आणि वाळते, तिथं मीठही आहे आणि हवाही भरपूर आहे, तो पट्टा सगळ्यात लवकर पातळ होतो. चालतं जहाज कधी भरलेलं कधी रिकामं असतं, त्याची पाण्याची रेघ वरखाली होते. म्युझियमचं जहाज वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच पातळीला, म्हणजे तोच एक पट्टा कायम मार खातो. आणि निवृत्त करताना दारूगोळा, इंधन, जड यंत्रं काढलेली असतात त्यामुळं ते आधीपेक्षा वर तरंगतं, तोल बदलतो, मग तळात वजन भरावं लागतं. हे हिशेब करायला नेव्हल आर्किटेक्टच लागतो, उत्साही माणसांचं ते काम नाही.

बाहेरून जेवढं तेवढंच आतून. डेकवर पावसाचं पाणी साचलं, निचऱ्याचं भोक पानांनी, पिसांनी बुजलं की ते पाणी सांध्यातून आत झिरपतं, खालच्या कंपार्टमेंटमध्ये जाऊन बसतं आणि तिथं कोणी वर्षभर फिरकत नाही. साताऱ्यात एखादा जुना वाडा कुलूप लावून ठेवला तर तो राहत्या वाड्याच्या आधी पडतो की नाही, कौल सरकलेलं बघायलाच कोणी नसतं, तसंच हे. जहाजावर माणसं राहत होती तेव्हा शे-दोनशे, मोठ्यावर हजार-हजार हात रोज घासत, पुसत, रंगवत होते. निवृत्तीनंतर ते सगळे हात एका दिवसात जातात आणि लोखंड तेवढंच राहतं. व्हॉलंटिअर कशाला पाहिजेत याचं उत्तर माझ्या मते एवढंच आहे.

यावर खरा इलाज ड्राय डॉक. जहाज गोदीत घ्यायचं, पाणी काढून टाकायचं, तळ कोरडा करून पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक मशीननं जागोजागी मोजायची, पातळ झालेला पत्रा कापून नवीन वेल्ड करायचा. चालू जहाजं दर काही वर्षांनी हे करतातच. म्युझियमच्या जहाजांना ते दशकानुदशकं मिळत नाही, कारण गोदी मोकळी पाहिजे, ओढून न्यायला टग पाहिजेत, आणि गंमत म्हणजे जहाज जितकं जास्त थांबेल तितकं ते ओढून नेणंच धोक्याचं होत जातं. अमेरिकेतलं टेक्सास हे जहाज १९१४ सालचं, १९४८ पासून म्युझियम, ते १९८८ ला गोदीत गेलं होतं त्यानंतर एकदम ऑगस्ट २०२२ मध्ये. मधली कितीतरी वर्षं आत येणारं पाणी पंप लावून उपसत ठेवलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बफेलो शहरात द सलिव्हन्स हे जहाज, एकाच घरातल्या पाच भावांच्या नावाचं, १९४२ मध्ये ते पाचही भाऊ दुसऱ्या एका जहाजावर एकत्र होते आणि पाचही गेले, ते म्युझियम जहाज तळाला भोक पडून धक्क्यालाच कलंडून बुडालं. पाणी उपसून ते परत वर आणलं हे त्यांचं कौतुक. आणि हे गोड्या पाण्याच्या सरोवराकाठी बरं का, खाऱ्या पाण्यात नाही.

किर्लोस्करवाडीच्या मिस्त्रींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "पंप होते ते ठीक आहे, पण लाइट गेल्यावर जनरेटर आपोआप चालू होत होता का?" मला हा प्रश्न फार आवडला. कुठल्याही तरंगत्या म्युझियमला गेलात तर तुम्हीही विचारा, आत पाणी शिरल्याचा अलार्म कुठं वाजतो आणि रात्री दोन वाजता तो ऐकायला कोण असतं.

मग पाण्यातच कशाला ठेवायचं, जमिनीवर घ्या ना, असं कोणी म्हणेल, आणि भारतात जी टिकलीत त्यातली महत्त्वाची तशीच टिकलीत. विशाखापट्टणमला आर. के. बीचवर कुरसुरा पाणबुडी आहे, डिसेंबर १९६९ मध्ये नौदलात आलेली, फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त, आणि २००२ पासून वाळूवर ओढून आणून म्युझियम केलेली. ९१ मीटर लांब. आत शिरलं की कळतं सत्तर-पंच्याहत्तर माणसं त्या नळकांड्यात कशी राहत असतील, झोपायच्या जागेला लागूनच टॉर्पेडो. तिथले गाइड नौदलातून निवृत्त झालेले लोक असतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्या म्युझियमची अर्धी ताकद तिथंच आहे. आपल्या भागातून जवळ म्हणाल तर बेळगाववरून कारवार, तिथं समुद्रकिनाऱ्यावर चपळ ही क्षेपणास्त्र नौका जमिनीवर ठेवलीये. कराचीवर १९७१ च्या डिसेंबरात हल्ला करणाऱ्या निर्घात, निपात, वीर या बोटी याच जातीच्या आधीच्या पिढीतल्या, ४ डिसेंबरला नौदल दिन असतो तो त्याच हल्ल्यामुळं. चपळ नंतर आलेली, पण एवढ्याशा बोटीनं केवढं काम करता येतं हे तिच्या शेजारी उभं राहिल्यावर समजतं, मुलांना जरूर न्या.

जमिनीवर घेतल्यानं पाण्याच्या रेघेचा त्रास संपतो, पण दुसरे सुरू होतात. पाणी जहाजाला सगळीकडून सारखं उचलून धरतं, जमिनीवर ते काही ठरावीक आधारांवर बसतं, म्हणजे सगळं वजन त्या जागांवर. खारा वारा आहेच, पावसाळा आहेच, आणि आधाराच्या खाचेत पाणी साचून राहतं ते वेगळं. लोकांना आत-बाहेर करायला दारं कापावी लागतात, जिने लावावे लागतात. पण निदान खराब झालेलं डोळ्याला दिसतं आणि शिडी लावून हात पोचतो. मोठं विमानवाहू जहाज असं उचलून किनाऱ्यावर ठेवता येत नाही, म्हणून विक्रांत-विराटचं गणित अवघड होतं, हे मान्य केलं पाहिजे. नुसतं सरकारला शिव्या घालून चालणार नाही.

आता व्हॉलंटिअर प्रत्यक्ष काय करतात ते सांगतो. बघण्यासारखं उदाहरण अमेरिकेतलंच स्लेटर नावाचं जहाज, १९४४ साली नौदलात आलेलं, १९५१ ला ग्रीसला दिलेलं, १९९३ ला परत आणलं आणि १९९७ पासून ऑल्बनी शहरात नदीवर. ते आज जसं दिसतं ते मुख्यतः तिथल्या व्हॉलंटिअर लोकांच्या वर्षानुवर्षांच्या कामामुळं. म्हातारे खलाशी, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, शिक्षक, ज्याला जे येतं ते. आणि त्यातलं सगळ्यात जास्त काम कुठलं तर चिपिंग. चिपिंग हॅमरनं गंजाची पापुद्री ठोकून काढायची, वायर ब्रशनं घासायचं, खालचं लोखंड उघडं करायचं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते म्हणून तो रंगाला आतून फुगवतो. वरून फक्त ग्राइंडर फिरवून गुळगुळीत केलं आणि रंग मारला तर फोटोत चांगलं दिसतं, आत गंज चालूच राहतो. हे आमच्या धंद्यातही रोज बघतो.

घासून झालं की थिनरनं पुसून त्याच दिवशी प्रायमर लागलाच पाहिजे, किनाऱ्याच्या दमट हवेत उघड्या लोखंडावर काही तासांत परत तांबूस झाक येते. रंग मारताना पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमायला लागते त्यापेक्षा, किमान ३ अंशांनी जास्त पाहिजे, नाहीतर डोळ्याला न दिसणारा ओलावा रंगाखाली अडकतो. कडा, कोपरे, वेल्डची रेघ, बोल्टची डोकी इथं रंग पातळ बसतो म्हणून तिथं आधी ब्रशनं एक पट्टा वेगळा मारतात आणि मग सगळीकडं हात. हे जो नीट करेल त्याचं काम टिकेल, घाईनं केलेलं एका पावसाळ्यात निघून येईल.

एक गोष्ट मी माझ्या शेडमध्येच शिकलो ती सांगतो. शाळांमध्ये दाखवायला आम्ही भंगारातल्या प्लेटमधून जहाजाच्या वॉटरटाइट दरवाज्याचं एक छोटं मॉडेल केलं, चौकट, पान, कडेनं क्लिपा, पानाला रबराची पट्टी, आणि चौकटीला जी धारेसारखी कड असते ती त्या रबरात रुतून बसते म्हणून पाणी अडतं. आमच्यातले कराडकडचे एक आबा नौदलात शिपराइट, म्हणजे जहाजाची बॉडी, दरवाजे दुरुस्त करणारे होते, ते बघायला आले. माझ्या पोरानं हौसेनं सगळं राखाडी रंगवलं होतं, रबरासकट. आबांनी बोटानं रबर दाबून बघितलं आणि म्हणाले, "बाळा, रबराला रंग लावायचा नाही, रबर कडक होतं, आणि धारेलाही लावायचा नाही. रंगवलेला दरवाजा बंद होतो, पण पाणी अडवत नाही." मग नवीन पट्टी बसवली, त्यांनी खिशातून खडू काढला, चौकटीच्या धारेवर सगळीकडनं घासला, दरवाजा लावून क्लिपा आवळल्या, उघडला. रबरावर खडूची पांढरी रेघ उमटली होती, फक्त खालच्या बिजागरीपाशी चार बोटं रेघच नव्हती. म्हणजे तिथून पाणी येणार. बिजागरी जरा सरकवली, परत खडू, परत बंद, तेव्हा रेघ सलग आली आणि आबांचा चेहरा खुलला. आता शाळेत ही खडूची परीक्षा मुलांकडून करून घेतो, जहाज म्हणजे काय हे भाषणापेक्षा त्यांना त्यातून जास्त कळतं.

पण एक गोष्ट फार गंभीरपणे सांगायचीये. उत्साहाच्या भरात जहाजातल्या बंद टाकीत, बंद कप्प्यात कोणीही कधीही शिरायचं नाही. गंजताना लोखंड हवेतला ऑक्सिजन खातं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या पोलादी कप्प्यात तो इतका कमी झालेला असू शकतो की माणूस आत उतरतो आणि काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो, वास नाही, धूर नाही, काही नाही. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या जवळ असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात. आधी हवा खेळवायची, मीटरनं तपासायचं, बाहेर एक माणूस उभा ठेवायचा, लेखी परवानगी घ्यायची, हे सगळं झाल्याशिवाय नाही. जुन्या रंगात शिसं असतं, जुन्या पाइपांच्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळं तपासणी झाल्याशिवाय घासाघाशीही नाही. जिथं कोणी तुम्हाला मास्क, हेल्मेट न देता हातोडी देईल तिथून सरळ निघून या.

हे झालं लोखंडाचं. आता सांगली-साताऱ्यात बसून जे काम खरंच आपणच करू शकतो ते वेगळं आहे, आणि त्याला गोदी लागत नाही. आठवणी. विक्रांतवर १९७१ ला जो पोरगा विशीचा होता तो आता सत्तरी पार करून बसलाय, तासगावला, कोरेगावला, खटावला, शेतीच्या बांधावर. घरच्यांना एवढंच माहिती की आजोबा नेव्हीत होते. जहाज तुटलं तरी त्या माणसाला अजून आठवतंय की इंजिन रूममध्ये घाम कसा यायचा आणि बोट डोलायला लागली की ताट कसं धरायचं. ते एकदा गेलं की कुठल्याही लिलावात मिळणार नाही.

ते रेकॉर्ड करताना "तुमचा अनुभव सांगा" असं विचारलं की माणूस भाषण करतो, देशसेवा, अभिमान वगैरे, आणि पाच मिनिटांत संपतं. म्हणून आम्ही बारीक विचारतो. झोपायला कुठं मिळायचं? अंघोळीला पाणी किती? चपात्या कोण करायचं, एवढ्या माणसांच्या? पहिल्यांदा उलट्या किती दिवस झाल्या? पत्र घरी पोचायला किती वेळ लागायचा? मग माणूस खुलतो, हातवारे करून दाखवायला लागतो, शेजारी बसलेली आजीसुद्धा मध्येच सांगायला लागते की त्या काळात इकडं घरात काय चाललं होतं, आणि तेही रेकॉर्ड करायचं, कारण त्या घरांनीही नौदल काढलंय. फोन टेबलावर ठेवा, पंखा बंद करा, सुरुवातीला तारीख, गाव आणि माणसाचं नाव त्यांच्याच तोंडून बोलून घ्या, आणि हे कुठं वापरलं तर चालेल ते विचारून घ्या, चालणार नाही म्हणाले तर नाही. एखाद्या मोहिमेचा, यंत्रणेचा नाजूक तपशील आला आणि ते स्वतः थांबले तर खोदायचं नाही. गोपनीय शिक्का असलेला कागद दिसला तर फोटोही काढायचा नाही.

फोटोंचं पण तसंच. जुने फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करायचे, मागच्या बाजूसकट, कारण मागं पेन्सिलीनं लिहिलेली नावं समोरच्या चेहऱ्यांपेक्षाही महत्त्वाची. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका, ते परत निघत नाही आणि फोटो खराब होतो. मूळ फोटो घरीच राहू दे, कोणी मागितला तरी देऊ नका.

आणि प्रचार, म्हणजे लोकांपर्यंत नेणं. याला लोक दुय्यम समजतात पण जहाजं यानंच वाचतात. जपानचं मिकासा हे जहाज घ्या, १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईतलं अॅडमिरल टोगोंचं जहाज, १९२६ पासून योकोसुकाला काठावर बसवून म्युझियम केलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची पार वाट लागली, तोफा-बिफा काढून टाकल्या, वर नाचगाण्याची जागा केली. मग १९५५ मध्ये जपानमधल्या एका इंग्रजी पेपरात एका माणसाचं पत्र छापून आलं, त्याच्या मूळ गावात, इंग्लंडमधल्या बॅरोमध्ये ते जहाज बांधलं गेलं होतं आणि आता त्याची ही अवस्था बघून त्याला राहवलं नाही. त्यावरून चळवळ उभी राहिली, ज्या अमेरिकन अॅडमिरल निमिट्झनी जपानविरुद्ध लढाई केली होती त्यांनीही मदत केली, आणि १९६१ ला मिकासा दुरुस्त होऊन परत उघडलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना नावाची युद्धनौका भंगारात जाणार होती, तेव्हा त्या राज्यातल्या लाखो शाळकरी मुलांनी खाऊच्या पैशातून नाणी जमा केली आणि १९६१ मध्ये ते जहाज त्यांच्या राज्यात आणलं, आजही ते तिथं आहे. या दोन्ही ठिकाणी लोक वेळेत जागे झाले. आपल्याकडे विक्रांतसाठी कळवळा आला तो लिलाव जाहीर झाल्यावर. निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधी मागणी, जागा, पैसा आणि संस्था तयार पाहिजे, कारण निवृत्त जहाज धक्क्याला नुसतं उभं ठेवायलाही खर्च येतो आणि नौदलाला तो धक्का नवीन जहाजासाठी लागतो.

महाराष्ट्रात आता हालचाल दिसतेय. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळ टी-८० ही निवृत्त नौका म्युझियमसाठी आणलीये, दुर्गाडी म्हणजे शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात जिथून सांगतात तीच जागा. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ २०२४ ला निवृत्त झालेलं नौदलाचं गुलदार हे जहाज पाण्याखाली ठेवून म्युझियम करायची योजना राज्यानं हाती घेतली. मला दोन्हींचा आनंद आहे. पण अशी कुठलीही घोषणा वाचली की फोटोवर खूश होऊन थांबू नका, उद्घाटनाचा खर्च नाही तर दरवर्षीच्या देखभालीचा पैसा कुठल्या खात्यातून येणार, तपासणी कोण करणार, रिपोर्ट लोकांना बघायला मिळणार का, हे विचारा. माहितीच्या अधिकारात विचारता येतं, आमदारांना पत्र लिहून विचारता येतं, आणि तक्रारीच्या सुरात नको, मदत करायची तयारी दाखवून विचारा, त्यानं फरक पडतो. कुरसुराचं काम तिथलं शहर विकास प्राधिकरण बघतं, असं प्रत्येक जहाजाचं कोणीतरी मालक खातं असतं, आपला मुद्दा त्याच टेबलावर गेला पाहिजे. नुसतं जहाजावर जाऊन सेल्फी टाकली तर तेवढंही चालेल, पण खाली दोन ओळी लिहा, काय बघितलं, कुठं गंज दिसला, गाइडनं काय छान सांगितलं. तिकीट काढून जा, ओळख काढून फुकट जाऊ नका, त्या तिकिटातूनच प्रायमरचा डबा येतो.

सध्या आमचं काम असं चाललंय की सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत विक्रांत, विराट किंवा कुठल्याही निवृत्त जहाजावर काम केलेली माणसं तालुक्याप्रमाणे शोधायची आणि एकेकाकडं जाऊन बसायचं. मिरज, वाळवा, कराड थोडंफार झालंय, जत, आटपाडी, माण ही बाजू अजून तशीच आहे. या भागातल्या कोणाच्या घरात असं कोणी असेल तर आमची वाट बघू नका, येत्या रविवारी तुम्हीच फोन घेऊन त्यांच्याशेजारी बसा, झोपायच्या जागेपासून सुरुवात करा, आणि फाइलला त्यांचं नाव, जहाजाचं नाव आणि तारीख देऊन दोन ठिकाणी सेव्ह करून ठेवा, एक फोनमध्ये आणि एक पेनड्राइव्हवर.